शंकेची कळी

चिमटेमावशी कुठलीही वस्तू मुठीत धरत नसे. चहाचा कप असो, दाराची कडी असो, नाहीतर नातवाचा कान असो, तिचं सगळं काम अंगठा आणि शेजारचं बोट या दोघांतच भागायचं. उरलेली तीन बोटं लग्नातल्या मानकऱ्यांसारखी नुसती ऐटीत बसून असायची. बोलता बोलता ती समोरच्याच्या शर्टावरचा दोरा उचलून घ्यायची आणि त्याला पत्ताही लागायचा नाही. माझ्या डोळ्यात गेलेलं कुसळ तिने एकदा पदराच्या टोकाने काढलं. मी डोळा घट्ट मिटायच्या तयारीत होतो, तोवर ती चुलीकडे निघूनही गेली होती.

नात्याने ती माझी सख्खी मावशी, आईची धाकटी बहीण. दोघी बहिणी एकाच गावात दिलेल्या. पण गावाने तिला सगळ्यांचीच मावशी करून टाकलं होतं. माझ्या वडिलांच्या वयाचे लोकही तिला मावशीच म्हणत. 'चिमटे' हे काही आडनाव नव्हे. तिच्या कमरेला कायम एक बारीक स्टीलचा चिमटा खोचलेला असे, त्यावरून पडलेलं नाव. लग्नाकार्यात जातानाही तो चिमटा इरकलीच्या निऱ्यांशेजारी असायचाच. आई चिडवायची, "नवरीच्या कळ्या मोडायच्या का तिथं?" मावशी म्हणायची, "हत्यार घरी ठेवलं का हात इसरतो."

आमचं गाव जाफराबाद तालुक्यातलं. शिवारात जिकडे पाहावं तिकडे शेडनेटं. त्या जाळीखाली टोमॅटोचं संकरित बियाणं तयार होतं आणि पुढे जालन्याच्या एमआयडीसीत जातं. हे सगळं काम बायांच्या बोटांचं. उद्या उमलणारी कळी आज दुपारी हेरायची, चिमट्याने तिच्यातला नराचा भाग काढायचा, घोसाला लोकरीचा धागा बांधायचा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या वाणाच्या फुलातली परागांची पिवळी पूड तिला लावायची. धागा असलेलं फळ बियाण्याचं. बिनधाग्याचं फेकून द्यायचं. नऊ बायांच्या एका टोळीची मावशी म्होरकी होती.

यात एक गोम असते. कळी जरा जास्त पिकलेली असली, तर आपण चिमटा लावायच्या आधीच तिने स्वतःच्याच पुडीने काम उरकून घेतलेलं असतं. मग वरून कितीही पूड लावा, बी भेसळीचंच निघणार. ही चूक त्या दिवशी संध्याकाळपर्यंतच ओळखू येते, कळीच्या पिवळेपणावरून. रात्र उलटली की सगळ्याच कळ्या सारख्या पिवळ्या. म्हणून बाया टाकीवर हातपाय धुऊन निघाल्या की मावशी एकटी सगळ्या ओळींतून फेरी मारायची आणि मनाला खटकलेली प्रत्येक कळी खुडायची. "शंका आली का खुडली," हा तिचा कायदा. नेटचे मालक भीमराव हळहळायचे, "मावशी, एखादी चांगली असंल की त्यात." त्यावर ती म्हणायची, "असंल. पण ती आपल्याला सांगणार हाय का?"

तिची आणखी एक पद्धत होती. बाकीच्या टोळ्या एकाच रंगाचा धागा वापरत. मावशीकडे वाराप्रमाणे सात रंग. सोमवारी लाल, मंगळवारी पिवळा, बुधवारी पांढरा, असं करत रविवारपर्यंत. गावातली पोरं तिच्या नेटला स्वेटरचं दुकान म्हणत. कशाला हवेत सात रंग, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "कोन्त्या दिवशी काय केलं ते झाडानं बी सांगाया पायजे. माझं काय, मी इसरंल."

अशा या बोटांच्या राणीचं एका गोष्टीपुढे काही चालत नसे. फोनपुढे. आमच्याकडे लोक फोनच्या काचेवर भाकरी थापल्यासारखी बोटं आपटतात. मावशी तिला कळीला करावा तसा स्पर्श करायची, इतकी हलकी की फोनला कळायचंच नाही. ती पुन्हा हात लावायची, आणखी हलकेच, कारण काम बिघडलं की हात हलका करायचा हेच तिला ठाऊक. शेवटी फोन माझ्यापुढे धरून म्हणायची, "दीपू, ह्याला जरा रागव बरं."

आणि नेमकं बियाणे कंपनीने प्रत्येक टोळीच्या म्होरकीला एक अ‍ॅप भरायला लावलं. रोज संध्याकाळी नऊ बायांची नावं टिचकवायची, कोणी किती ओळी केल्या ते लिहायचं, फोटो दाबून धरून जोडायचे. सगळ्यात शेवटी एक वाक्य यायचं: 'आजच्या शंकास्पद कळ्या काढल्या आहेत.' खालची पट्टी उजवीकडे सरकवली की हो, डावीकडे सरकवली की नाही. दिवसभर हजारभर कळ्या न मोडता हाताळणारी बाई त्या पट्टीपुढे अर्धा अर्धा तास घाम पुसत बसायची.

इथे माझा प्रवेश. मी पुण्यातल्या एका कंपनीचं काम गावातूनच करत होतो, आणि माझं काम म्हणजे फोनला हात न लावता हात लावणं. पूर्वी आम्ही कॉम्प्युटरवरून फोनला सांगायचो, काचेवर अमुक ठिकाणी टिचकी मार, इतका वेळ दाबून धर, तिथून इथे सरकव. बटण जागेवरून जरा हललं की सगळं बोंबलायचं. आता एआयचा एजंट आला. त्याला साध्या भाषेत काम सांगितलं की तो स्वतः स्क्रीन बघतो, बटण शोधतो आणि माणसाच्या बोटासारखी टिचकी मारतो. मावशीला हे समजावायला मी तासभर घसा कोरडा केला. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "एजंट? म्हंजे जमिनीचा असतो तसा? तो दोन्हीकडून खातो."

तरी मी तिच्या फोनला तो जोडून दिला. पहिल्या संध्याकाळी मावशीच्या ओसरीवर सगळी टोळी जमली. मावशी फोनपुढे वाकून, बहिऱ्या माणसाशी बोलावं तशी ओरडली, "सुनीता चार वळी! कमल पाच वळी!" आणि फोन आपला आपणच उघडला, नावं निवडली जाऊ लागली, पानं सरकू लागली. सुनीता नव्यानेच लग्न होऊन आलेली. ती दोन पावलं मागे सरली. कमलबाई म्हणाल्या, "अगं माय, याच्या अंगात आलं!" मावशी मात्र एकटक बघत होती. सगळं झाल्यावर म्हणाली, "काम बराबर करतो. पर सोडताना झटका देतो. शिकवलं न्हाई का कुणी त्याला?"

मी हसलो, पण त्याच आठवड्यात ऑफिसच्या कामात मी नेमका तिथेच अडकलो होतो. आमचा एजंट यादी सरकवायचा आणि यादी हवी तिथे न थांबता सुसाट पुढे निघून जायची. मावशीने मला नेटमध्ये नेऊन दाखवलं. चिमटा कळीतून बाहेर काढताना तिचा हात शेवटी मंद होत होत जवळजवळ थांबायचा आणि मगच सुटायचा. "धरताना कुणीबी हळू धरतं. सोडताना हात हळू केला न्हाई तर दांडा मोडतो," ती म्हणाली. मी घरी येऊन एजंटचं सरकवणं शेवटी मंद करून टाकलं, काचेवरून बोट उचलण्याआधी क्षणभर थांबायला लावलं. यादी निमूट जागेवर थांबली. पुण्याच्या साहेबांनी मीटिंगमध्ये माझं कौतुक केलं आणि ही युक्ती कुठे वाचलीत म्हणून विचारलं. मी काहीतरी थातुरमातुर सांगितलं. मावशीचं नाव घ्यायला मला लाज वाटली, आणि त्या लाजेची आज लाज वाटते.

आता माझ्या शहाणपणाची गोष्ट. एखाद्या संध्याकाळी मावशी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर द्यायची विसरायची. मग फॉर्म अर्धवट राहायचा आणि दुसऱ्या दिवशी कंपनीच्या सुपरवायझरचा फोन यायचा. ती तर रोज हो-च म्हणायची. म्हणून मी तिला न विचारता एजंटला एक ओळ लिहून दिली: उत्तर आलं नाही, तर नेहमीप्रमाणे हो. मला वाटलं, म्हातारीचा त्रास वाचला.

पंधरवड्याने गावात चिकनगुनियाची साथ आली आणि मावशी मंगळवारी आडवी झाली. ताप तर होताच, पण बोटांचे सांधे सुजून वांग्यासारखे झाले. दोन दिवस टोळी तिच्याविना नेटमध्ये गेली. संध्याकाळी सुनीता ओसरीवर येऊन फोनला ओळी सांगून जायची. फेरी मारायचं मात्र कोणाच्या डोक्यात आलं नाही. ते काम मावशीचं, त्याला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही असाच रिवाज पडलेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी भिंतीला धरत धरत मावशी नेटवर पोचली. तिथे सुपरवायझर तिची वाटच बघत होता. "मावशी, कमाल केली! तापात असूनबी दोन्ही दिवस चेकिंग केलं तुमी. रेकॉर्डला बघितलं मी."

अर्ध्या तासाने ती माझ्या दारात होती. दोन्ही तळव्यांवर फोन धरलेला, कारण बोटांत धरवत नव्हता.

"दीपू, मंगळवारी आन् बुधवारी हो कुणी म्हणलं?"

मी सांगितलं. लपवायला जागाच नव्हती.

"मी तर गोधडीत पडले होते."

"मावशे, तू रोज हो म्हणतेस म्हणून मी..."

"रोज म्हणते, कारण रोज फेरी मारते." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "कळी सोललीच न्हाई आन् धागा बांधून मोकळं व्हावं, तसं केलंस तू. आन् माझ्या हातानं केलंस."

मी म्हणालो की आता बोभाटा केला तर कंपनी अख्खं नेट रद्द करेल, भीमरावांचं वर्ष जाईल, टोळीला पुढच्या हंगामात कोणी बोलावणार नाही. आणि गप्प राहिलो तर कदाचित काहीच होणार नाही. दोन दिवसांत कितीशा कळ्या चुकल्या असतील? मावशीने त्या सुजलेल्या बोटाने स्वतः सुपरवायझरचा नंबर लावला. या वेळी काचेला तिचा स्पर्श कळला; सांधा इतका कडक झाला होता की हलकं लावणं जमलंच नाही. "साहेब, ते रेकॉर्ड खोटं हाय," ती म्हणाली. "चूक माझ्या घरातून झाली. म्या फेरी मारली न्हाई."

सुपरवायझरने वर विचारून दुपारी निरोप दिला: त्या दोन दिवसांच्या कळ्या वेगळ्या ओळखता आल्या तर तेवढ्या काढा, नाहीतर नेट रद्द. मावशी उठली. मंगळवारचा पिवळा, बुधवारचा पांढरा. मागच्या आठवड्यांतल्या त्याच रंगांच्या घोसांना आता बारीक फळं धरली होती, त्यामुळे घोटाळा व्हायचं कारण नव्हतं. झाडांनी सगळं सांगून ठेवलं होतं.

भीमराव खूप बोलले. दोन दिवसांचं सगळंच कशाला, वाटतात तेवढ्याच खुडा, असं त्यांचं म्हणणं. मावशी म्हणाली, "रात्र उलटली भीमराव. आता सगळ्यावरच शंका हाय." बायाही नाराज होत्या. नऊ जणींचे दोन दिवस मातीत जाणार होते आणि त्याला कारण असलेला मी समोर उभा होतो. मावशीने मला एक शब्दही कोणाला बोलू दिला नाही. फक्त म्हणाली, "माझी बोटं मिटंना झालीत. तुझी दे."

दोन दिवस मी तिची बोटं होतो. ती माझ्या मागे उभी राहून सांगायची, खालचा घोस, पिवळा, हां, आता दांडा धर. मी सपासप खुडायला लागलो की खांद्यावर तळवा ठेवायची. "धाग्याला हात लावायच्या आधी इचार. हिरवा दिसला तर हिरवा सांग. तुला काय दिसतं ते मला दिसत न्हाई." मी विचारायचो, ती हं म्हणायची, मी खुडायचो. जाळीखालच्या उकाड्यात माझी पाठ मोडली, नखं हिरवी काळी झाली, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला कळलं की दुसऱ्याच्या वतीने बोट लावणं ही केवढी जोखीम असते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, खुडणं संपल्यावर, तिने मला एजंटला नवीन नियम लिहायला लावला. ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. "बाकीचं समदं त्यानं करावं. पर ती पट्टी मला इचारल्याबिगर सरकवायची न्हाई. मी झोपले असले तर उठूपर्यंत थांब म्हणावं. गावाला गेले असले तर येऊपर्यंत थांब." किती वेळ थांबायचं याची मर्यादा द्यावी लागते, असं मी म्हणालो. "माणसाला कुठं असती?" ती म्हणाली. मी मर्यादा काढून टाकली.

त्या हंगामाचं बियाणं कंपनीच्या तपासणीत खरं उतरलं. मावशीची बोटं मात्र पहिल्यासारखी झाली नाहीत. तिने चिमटा सुनीताला दिला, पण नेट सोडलं नाही. मुलगा अंकुशनगरला साखर कारखान्यात होता, तो न्यायला आला की म्हणायची, "तिथं ऊस. उसाला माझं काय काम?" ती ओळींतून हिंडायची, बाया चुकल्या की नुसती उभी राहायची, आणि संध्याकाळी फेरी मारताना खटकलेली कळी दोन्ही तळव्यांत धरून तोडायची. घरी येऊन चहा घेतला की फोनचा तो रोबोटासारखा आवाज विचारायचा, "मावशी, शंकेच्या कळ्या काढल्या का?" ती आधी बशीतला चहा संपवायची आणि मग म्हणायची, "हो बाबा, काढल्या."

गेल्या हंगामात, एका शुक्रवारी, संध्याकाळी नेटवरून आल्यावर ती ओसरीवर भिंतीला टेकून बसली आणि तशीच गेली. चहाची बशी भरलेली होती. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला आम्ही तिला पोचवून आलो.

मी अंघोळ करून तिच्या ओसरीवर बसलो होतो, तेवढ्यात सुनीता आली. डोळे सुजलेले, कमरेला मावशीचा चिमटा. "दीपकभाऊ, फुलं थांबत न्हाईत. कालच्या कळ्यांना आता पूड लावावी लागंल. पर काल मावशीनं फेरी मारली होती का? आमी टाकीवरून तसंच घरी आल्तो. कुणीच बघितलं न्हाई."

"फेरी मारल्याबिगर ती घरी यायची नाही," मी म्हणालो.

"तसं मलाबी वाटतं." तिने ओसरीभर नजर फिरवली. "फोनला काय म्हणली?"

फोन कोनाड्यात होता. मी उघडला. नऊ बायांची नावं भरलेली, ओळी भरलेल्या, फोटो जोडलेले. आणि शेवटच्या पानावर एजंट कालपासून तसाच उभा होता. मावशी, शंकेच्या कळ्या काढल्या का?

"काही म्हणली नाही," मी सांगितलं.

सुनीताने पदराने डोळे पुसले. "मंग शंका हाय," ती म्हणाली, आणि नेटकडे चालू लागली.

मला मनापासून खात्री होती की मावशीने फेरी मारली होती. आजही आहे. तो एक 'हो' माझ्या अंगठ्याखाली होता आणि तो खोटा नव्हता, हे मी कोणत्याही देवापुढे सांगेन. पण तो तिचा 'हो' होता. मी एजंटला बंद केलं, पट्टीवर स्वतःचं बोट ठेवलं आणि ती डावीकडे, 'नाही'कडे, नेली. शेवटी हात हळू केला. मगच सोडला.

नेटमध्ये पोचलो तेव्हा भीमराव दाराशी टोपी हातात धरून उभे होते. एका दिवसाचं पीक जाणार होतं. मी काही बोलणार तोच ते म्हणाले, "खुडा." आत बाया ओळींत पांगल्या होत्या. शुक्रवारचा धागा निळा. मी सुनीताच्या शेजारच्या ओळीत शिरलो, पहिला घोस धरला आणि सवयीने मागे वळून विचारलं, "निळा आहे, खुडू का?"

मागे कोणी नव्हतं. पलीकडच्या ओळीतून सुनीता म्हणाली, "हं."